उद्योजक कोणास म्हणावे?

मराठी भाषेत 'उद्योग' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक अर्थ कारखान्याच्या पाटीवर लिहिण्याजोगा आहे. दुसरा, घरातील द्वाड मुलाने भर दुपारी फळीवरील लोणच्याची बरणी फोडल्यावर त्याची आई कपाळाला हात लावून ज्या अर्थाने तो उच्चारते, तो होय. 'काय हा उद्योग करून ठेवलास!' या वाक्यातील उद्योग आणि किर्लोस्करवाडीच्या माळावर नांगर घडविणारा उद्योग यांतील अंतर मराठी मनुष्यास समजावून द्यावे लागत नाही. अलीकडे मात्र हे अंतर पुसट होत चालले आहे, किंबहुना ते पुसण्याचे काम शिकलीसवरलेली माणसेच करीत आहेत, असे आम्हांस दिसते. आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त असे की, येथील, म्हणजे हैदराबादेतील, एका मराठी संस्थेत मध्यंतरी तरुणांसाठी यशस्वी उद्योजकांविषयी व्याख्यान झाले. वक्ते बहुश्रुत होते आणि बोललेही ओघवते. परंतु टाटा-किर्लोस्करांच्या पंगतीला त्यांनी ब्रिटनमधील ऑनलाइन जुगाराच्या कंपन्या काढणारी मंडळी आणून बसविली, त्यांच्या मिळकतीचे आकडे वाचून दाखविले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणारांत आमच्यासारखे मध्यवर्ती सरकारच्या कचेऱ्यांतील कारकून पुष्कळ होते. १९६४ सालच्या आचारनियमांतील सोळाव्या नियमाने आम्हां लोकांस शेअरांच्या सट्ट्याचीसुद्धा मनाई आहे. दुसऱ्याने सट्टा चालविल्यास टाळी वाजविण्याची मनाई नाही, हे खरे.

व्याख्यानात ज्यांचा विशेष गौरव झाला त्या श्रीमती डेनीस कोट्स यांची हकीकत प्रथम सांगणे न्यायाचे होईल. इंग्लंडच्या मध्यभागी स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचे शहर आहे. तेथे कोट्स कुटुंबाची पैजा घेण्याची दुकाने होती. अशी दुकाने इंग्लंडात कायदेशीर झाली ती १९६० च्या कायद्याने, आणि उघडली १९६१ च्या मे महिन्यात. तत्पूर्वी पैजा घेणारा मनुष्य गल्लीच्या तोंडाशी पोलिसावर एक डोळा ठेवून उभा असे. डेनीसबाई शेफील्ड विद्यापीठाच्या पदवीधर, आकडेशास्त्रात तरबेज. इंटरनेटवर हा धंदा दुकानांहून कितीतरी पटींनी वाढेल, हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले. २००० साली त्यांनी 'बेट३६५' हे नाव विकत घेतले, कुटुंबाची दुकाने तारण ठेवून रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडून दीड कोटी पौंडांचे कर्ज काढले, आणि मोटारतळावरील एका तात्पुरत्या खोलीत बसून २००१ साली धंदा सुरू केला. २००५ साली दुकाने चार कोटी पौंडांस विकून टाकली. २०१२ साली ब्रिटिश सरकारने त्यांस सी.बी.ई. हा किताब दिला. मार्च २०२० अखेरच्या वर्षात त्यांनी केवळ वेतन म्हणून ४२ कोटी १० लाख पौंड घेतले. पगारपत्रके तपासण्याची आम्हांस सवय असल्यामुळे आम्ही भागाकार करून पाहिला: रविवार आणि नाताळ धरून दररोज सुमारे साडेअकरा लाख पौंड पडतात.

यात हुशारी आहे, मेहनत आहे, आणि आरंभी धाडसही होते. घरची दुकाने तारण ठेवणे ही गोष्ट लहान नव्हे, आणि तेवढ्यापुरते व्याख्यात्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. प्रश्न आहे तो त्यानंतरचा.

'आंत्रप्रनर' हा शब्द अर्थशास्त्रात रूढ करणारा रिचर्ड कँटिलॉन याचा ग्रंथ त्याच्या मरणानंतर १७५५ साली छापला गेला. आम्ही पदवीपरीक्षेसाठी जे काही शिकलो त्यातले फार थोडे आज स्मरते, परंतु कँटिलॉनची व्याख्या स्मरते. ठरलेल्या किंमतीला माल घ्यावयाचा आणि उद्या काय भाव येईल हे ठाऊक नसता तो विकावयाचा. ही अनिश्चिती जो आपल्या अंगावर घेतो, तो उद्योजक. शेतकरीसुद्धा या व्याख्येत बसतो. आता ही पट्टी या धंद्याला लावून पाहा.

या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर एक यंत्र असते. पूर्वी ते चित्रे फिरविणारे लोखंडी यंत्र होते, आता ते दूरध्वनीच्या पडद्यावर आले आहे. समजा, हे यंत्र सरासरीने शंभर पौंडांपैकी ९६ पौंड खेळणारास परत देते. ऐकावयास हे उदार वाटते. परंतु ब्रिटनच्या नियमाप्रमाणे एक फेरी पुरी होण्यास निदान अडीच सेकंद लागले पाहिजेत (हा नियमही २०२१ साली आला), म्हणजे तासाला १४४० फेऱ्या होऊ शकतात. दर फेरीस एक पौंड लावणारा मनुष्य तासाभरात १४४० पौंड लावतो, आणि शेकडा चार या हिशेबाने सुमारे साडेसत्तावन्न पौंड सरासरीने गमावतो. एखादा जिंकेल, एखादा हरेल. पण लाखो माणसे खेळत असता कंपनीच्या दृष्टीने ही सरासरी सूर्योदयाइतकी निश्चित आहे. अनिश्चिती सगळी खेळणाराच्या पदरी आणि निश्चिती सगळी कंपनीच्या. या सर्व जुगारात जुगार न खेळणारा असा एकच पक्ष आहे, आणि तो म्हणजे मालक.

यंत्राचे असे, पण घोडा आणि फुटबॉल यांच्या निकालावर तरी कंपनीला धोका असेलच ना, असे कोणी विचारील. असतो खरा, आणि तोही कमी करण्याची युक्ती सापडलेली आहे. जो मनुष्य अभ्यासाने, बुद्धीने वारंवार जिंकतो, त्याची पैज घेण्याची मर्यादा उतरवीत उतरवीत काही पौंडांवर, कधी काही पेन्सांवर आणून ठेवतात, नाहीतर त्याचे खाते बंद करतात. पैज घेतलीच पाहिजे असे बंधन ब्रिटनच्या कायद्याने कंपनीवर घातलेले नाही. उलट जो मोठ्या रकमा हरतो त्याला विशेष गिऱ्हाईक ठरवून त्याच्या दिमतीला स्वतंत्र मनुष्य द्यावयाचा, सामन्याची तिकिटे पाठवावयाची, फुकट पैजा द्यावयाच्या, ही वहिवाट वर्षानुवर्षे चालली. २०२० साली नियामक मंडळाने तीवर निर्बंध आणले. शहाण्याला दार बंद आणि खुळ्याला पायघड्या!

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी द्यूताचा विचार केलेला नाही असे नाही. मनूने राजाला द्यूत राज्यातून हाकलून देण्यास सांगितले. याज्ञवल्क्याने ते राजाच्या देखरेखीखाली चालू दिले. अड्डा चालविणारास तो 'सभिक' म्हणतो, त्याचा हिस्सा शेकडा पाच वा दहा असा ठरवून देतो, आणि त्याबरोबरच जिंकणारास त्याचे पैसे मिळवून देण्याची जबाबदारी त्याच सभिकावर टाकतो. कौटिल्याने तर द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या अड्डेवाल्यावर जे कर्तव्य होते, तेवढेही आजच्या या किताबधारी मंडळींवर नाही. शकुनीविषयी आपण लहानपणापासून वाईट ऐकत आलो. पण तो निदान समोर बसून स्वतः फासे टाकीत होता.

या मंडळींत एक अपवाद मात्र आम्ही करू. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे या दोघांनी २००० साली 'बेटफेअर' काढली. तीत कंपनी पैज घेतच नाही. पैज लावणारा आणि ती स्वीकारणारा अशा दोन गिऱ्हाइकांची गाठ घालून देते आणि जिंकणाराकडून अडत घेते. ही कल्पना खरोखर नवी होती आणि तीत शहाण्याला जागा होती. परंतु २००८ साली याच कंपनीने सतत मोठे जिंकणारांवर जादा आकार बसविला, आणि २०१६ साली ती 'पॅडी पॉवर' या जुन्या पद्धतीच्या कंपनीत विलीन होऊन गेली. चांगली कल्पनाही या पाण्यात फार दिवस पोहत नाही.

मग एवढा पैसा येतो कोठून? ब्रिटिश उमरावसभेच्या एका समितीने २०२० च्या जुलैत आपला अहवाल दिला. या धंद्याच्या नफ्यापैकी शेकडा ६० हिस्सा शेकडा ५ माणसांकडून येतो, आणि ही माणसे एकतर जुगाराच्या व्यसनात सापडलेली आहेत किंवा सापडण्याच्या बेतात आहेत, असे त्यात नमूद आहे. हे वाक्य आम्ही तीनदा वाचले. आपल्याकडे एखाद्या वाण्याचा निम्म्याहून अधिक नफा गावातील आजाऱ्यांकडून येतो असे कळले तर त्याच्या दुकानातील माल प्रथम तपासला जाईल, सत्कार मागाहून.

व्यसन लागलेला मनुष्य कधी स्वतःच शुद्धीवर येतो आणि कंपनीला कळवितो की, यापुढे मला खेळू देऊ नका. अशा सात हजारांहून अधिक माणसांस 'एट-एट-एट' या कंपनीची दारे उघडीच राहिली. २०१७ साली नियामक मंडळाने तिला ७८ लाख पौंडांचा दंड केला. त्याच प्रकरणात एक गिऱ्हाईक असे होते की, त्याने तेरा महिन्यांत १३ लाख पौंडांच्या पैजा लावल्या. त्यांतील ५५ हजार त्याने आपल्या मालकाकडून चोरलेले होते. रोख हाताळणाऱ्या प्रत्येक कारकुनाने हे प्रकरण वाचावे. रोजचे तीन-चार तास तो खेळत होता, आणि पैसा येतो कोठून हे त्याला विचारण्याची बुद्धी कोणास झाली नाही. २०२३ च्या मार्चात 'विल्यम हिल' या जुन्या पेढीच्या कंपन्यांना मिळून १ कोटी ९२ लाख पौंड भरावे लागले. तेथे नवे खाते उघडलेल्या एका मनुष्यास वीस मिनिटांत २३ हजार पौंड उडवू दिले गेले, विचारपूस मुळीच नाही. आमच्या कचेरीत तेवीस रुपयांच्या टपालतिकिटांच्या खर्चाला दोन सह्या लागतात.

आता आमच्या शहराकडे येऊ, कारण या गोष्टीचा एक धागा थेट हैदराबादेत येऊन पोहोचतो. अनुराग दीक्षित आणि विक्रांत भार्गव हे दिल्लीच्या आय.आय.टी.चे पदवीधर. (दीक्षित हे आडनाव ऐकून काही मंडळींनी कौतुकाने कुळगोत्र विचारले, गृहस्थ धनबादकडील आहेत.) रूथ पॅरसोल या अमेरिकन बाईंच्या कंपनीत हे दोघे भागीदार झाले, आणि दीक्षितांनी तिची यंत्रणा रचली. पुढे 'पार्टीगेमिंग' या नावाने ती लंडनच्या शेअरबाजारात २००५ च्या जूनमध्ये आली. किंमत झाली साडेचार अब्ज पौंडांच्या वर. कंपनीचे ठाणे जिब्राल्टरच्या सात चौरस किलोमीटरहूनही लहान खडकावर; पत्ते पिसणारी बहुतेक गिऱ्हाइके अमेरिकेत; आणि चाकरवर्गाचा मोठा भाग येथे, हैदराबादेत. काचीगुड्याच्या बाजूची मराठी मुलेही रात्रपाळीच्या मोटारींत बसून अशा कामांस जात. अमेरिकेतील रात्रीचा खेळ मोडू नये म्हणून येथील माणसे जागत.

या कंपनीच्या विक्रीपत्रकातच लिहिलेले होते की, अमेरिकेसह कित्येक देशांतील अधिकारी हा व्यवहार बेकायदा मानतात, आणि आपली सारी भिस्त ते अधिकारी परदेशातील कंपनीवर काही करणार नाहीत किंवा करू शकणार नाहीत यावर आहे. असा कागद छापून लंडनमध्ये शेअर विकले गेले, आणि प्रतिष्ठित पेढ्यांनी ते विकत घेतले. २००६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने कायदा केला. एका दिवसात शेअरची किंमत निम्म्याहून खाली कोसळली. २००८ च्या डिसेंबरात दीक्षितांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात अपराध कबूल केला आणि ३० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. पुढे त्यांनी पुष्कळ संपत्ती धर्मादायाकडे वळविली, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे अवश्य आहे. व्याख्यात्यांनी मात्र साडेचार अब्जांचा आकडा सांगितला आणि तीस कोटींचा गाळला.

यावर जी उत्तरे दिली जातात ती आम्हांस ठाऊक आहेत. पहिले, प्रौढ मनुष्याने आपल्या पैशाचे काय करावे हा त्याचा प्रश्न आहे. तत्त्व म्हणून हे मान्य. परंतु ज्याने स्वतः होऊन 'मला अडवा' असे लिहून दिले, त्याचे दार उघडे ठेवणे ही त्याच्या स्वातंत्र्याची कसली बूज? दुसरे, हे लोक कर भरतात. कोट्स कुटुंबाचे नाव ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या करदात्यांच्या यादीत अग्रस्थानी येऊन गेले आहे, आणि त्यांची धर्मादाय संस्थाही आहे. आम्ही सरकारी नोकर. कराची थोरवी आम्हांस निराळी सांगावयास नको. परंतु त्या शेकडा पाच माणसांच्या बायकापोरांकडून आलेल्या पैशाचा एक भाग सरकारजमा झाला, म्हणून उरलेला भाग शुद्ध होतो असे कोणत्याही लेखासंहितेत आमच्या पाहण्यात नाही. तिसरे उत्तर रोजगाराचे आहे, आणि ते सर्वांत वजनदार आहे.

स्टोक हे कुंभारकामाचे शहर. तेथे एट्रुरिया नावाच्या भागात जोसाया वेजवुडने १७६९ साली आपला कारखाना उघडला. त्याने भांडी केली, कालवा खणण्यास पुढाकार घेतला, आणि १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध साखळदंडातील मनुष्याची मुद्रा मातीत घडवून ती देशभर पसरविली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील भट्ट्या एकामागून एक विझल्या, हजारो कुंभार घरी बसले. आज त्याच एट्रुरियात बेट३६५ चे मुख्य ठाणे आहे, आणि त्या शहरात सर्वांत जास्त लोकांना काम देणारी खाजगी कंपनी तीच आहे. फुटबॉलचा संघ त्याच कुटुंबाचा. मैदानाला २०१६ पासून कंपनीचे नाव. ज्या शहरात दुसरे काम उरले नाही तेथे या कामाला नावे ठेवणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. रात्रपाळीच्या मोटारीत बसणाऱ्या आमच्या मुलांनाही आम्ही बोल लावीत नाही. ती पगाराची माणसे आहेत, आमच्यासारखीच. परंतु वेजवुडची बशी विकत घेणाराच्या घरी निदान बशी राहिली. दीडशे वर्षांनी ती नातवाच्या कपाटात सापडते. यंत्राच्या १४४० फेऱ्यांनंतर घरी काय उरते?

आणखी एक गोष्ट आम्हां हिंदी लोकांच्या मनात आल्यावाचून राहत नाही. १८६७ साली याच इंग्रजांनी आमच्यासाठी सार्वजनिक जुगाराचा कायदा केला. चार आण्यांवर पत्ते खेळणारास पकडण्याचा अधिकार त्या कायद्याने फौजदाराला मिळाला, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतरही आमच्या पुस्तकांत राहिला. त्याच इंग्रजांनी २००५ साली स्वतःच्या देशात असा कायदा केला की, जुगाराच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर मोकळ्या झाल्या. २०१९-२० च्या हंगामात तेथील पहिल्या वर्गाच्या वीस फुटबॉलसंघांपैकी दहा संघांच्या छातीवर जुगाराच्या कंपन्यांची नावे होती. तेलंगणाने २०१७ साली ऑनलाइन जुगार बंद केला. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. तो कितपत पाळला जाईल ते दिसेलच. पण ज्या खेळास हैदराबादच्या मनुष्याने हात लावणे २०१७ पासून गुन्हा ठरला, तोच खेळ परदेशी गिऱ्हाइकांसाठी चालता ठेवण्याचे काम हैदराबादच्याच मनुष्याने करणे मात्र नोकरी ठरली, हा प्रकार चमत्कारिक खरा.

चौथे उत्तर कंपन्या स्वतः देतात: बंधने घातली, कर वाढविला, तर लोक चोरबाजाराकडे वळतील. २०२५ च्या नोव्हेंबरातील अर्थसंकल्पात ब्रिटनने या यंत्रांच्या खेळावरील कर पुढील एप्रिलपासून शेकडा २१ वरून ४० वर नेण्याचे जाहीर केले, तेव्हाही हेच सांगण्यात आले. चोरबाजार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बंधने घातली कधी, हे तरी पाहावे. दुकानातील यंत्रावर एका फेरीस शंभर पौंड लावता येत. ती मर्यादा २०१९ साली दोन पौंडांवर आणली. उधारीच्या कार्डावर जुगार खेळणे २०२० च्या एप्रिलात बंद झाले. आणि दूरध्वनीच्या पडद्यावरील यंत्राला, जे खिशातून उशापर्यंत मनुष्याबरोबर जाते त्या यंत्राला, एका फेरीस किती लावावे याची कायदेशीर मर्यादाच नव्हती. ती पाच पौंडांची मर्यादा, आणि पंचविशीच्या आतील तरुणांसाठी दोन पौंडांची, प्रथम आली २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत. तोवर मोटारतळावरील त्या खोलीला चोवीस वर्षे, आणि किताबाला तेरा वर्षे उलटून गेली होती.